दुकानाच्या स्वतःच्या नावाचं इंजिन ऑइल नक्की कोण बनवतं, कसं शोधायचं?

लांबचा_रस्ता:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतो. मी गेली ५-६ वर्षं गाडीचं ऑइल स्वतःच बदलतो आणि एका मोठ्या चेन स्टोअरचं त्यांच्याच नावाने मिळणारं ५डब्ल्यू-३० फुल सिंथेटिक वापरतो. कधीच त्रास नाही, इंजिन शांत चालतं, दोन सर्व्हिसच्या मधे डिपस्टिकवरची लेव्हल जवळपास हलतच नाही. या वेळी नवीन बाटली आणली आणि जुनी अर्धी शिल्लक होती तिच्या शेजारी ठेवली तर दोन्ही वेगळ्याच. जुनीचं झाकण काळं, नवीनचं करडं, धरायची मूठ वेगळी, तळाला प्लॅस्टिकमध्ये उठलेला साच्याचा ठसापण वेगळा. दोन्हीतला एकेक थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाकून बघितला, नवीनचा रंग स्पष्ट फिका. मग टॉर्च लावून लेबल वाचत बसलो, अगदी बारीक अक्षरं सुद्धा, तर दुकानासाठी बनवलंय एवढंच आणि खाली दुकानाच्या मुख्य ऑफिसचा पत्ता. बनवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. दुकानातल्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला सगळं एकच असतं, घ्या बिनधास्त.

गाडी २ लाख किलोमीटरला आली आहे आणि मला ती अजून बरीच चालवायची आहे, म्हणून जीव अडकतो. बनवणारा बदलला का हे बाहेरून कळू शकतं का? आणि जुनी उरलेली अर्धी बाटली नवीनमध्ये मिसळली तर चालेल का?

पाना_नंबर_दहा:
काळजी करू नका दादा. ही सगळी स्टोअर ब्रँडची ऑइल्स मोठ्या नावाच्या कंपन्याच बनवतात, तेच ऑइल दुसऱ्या बाटलीत भरतात आणि स्टिकर बदलतात. मी अनेक वर्षं असंच ऐकत आलोय.

जुनी_डिझेल:
पाना भाऊ, हे मीपण खूप ठिकाणी वाचलंय पण ते इतकं सरळ नाही, आणि शोधायला बसलं की नाव बऱ्याचदा मिळतं, फक्त बाटलीवर शोधून उपयोग नाही.

लांबचा_रस्ता, तुम्ही त्या ऑइलची एसडीएस काढा, म्हणजे सेफ्टी डेटा शीट. केमिकल हाताळणाऱ्यांसाठी हा कागद असतो, त्यात १६ भाग असतात आणि पहिल्याच भागात हे प्रॉडक्ट कोणी बनवलं किंवा पुरवलं त्याचं नाव, पत्ता आणि इमर्जन्सी फोन द्यावा लागतो. दुकानाच्या साइटवर प्रॉडक्टच्या पानावर खाली कुठेतरी लिंक असते, नाहीतर ब्रँडचं नाव, ग्रेड (तुमचा ५डब्ल्यू-३०) आणि पुढे एसडीएस लिहून सर्च करा. बाटलीवर दुकान मिरवतं पण एसडीएसवर बऱ्याच वेळा खरा ब्लेंडर, म्हणजे घटक मिसळून ऑइल तयार करणारा, दिसतो. अमेरिकेतली उदाहरणं सगळ्यांना माहीत आहेत, वॉलमार्टचं सुपर टेक आणि कॉस्टकोचं कर्कलंड सिग्नेचर, दोन्हींच्या एसडीएसवर लोकांना वॉरन डिस्ट्रिब्युशन हे नाव सापडलं, ही ओमाहाची कंपनी आहे आणि मॅग वन नावाने स्वतःचं ऑइलही विकते. म्हणजे मोठ्या जाहिराती करणारी कंपनी नाही, तर ज्यांचं मुख्य काम दुसऱ्यांच्या नावाने ऑइल बनवून भरून देणं हेच आहे अशी कंपनी.

इथे एक घोळ नेहमी होतो. वॉरन ऑइल नावाची नॉर्थ कॅरोलायनामधली वेगळी कंपनी आहे, वॉरन डिस्ट्रिब्युशन वेगळी. लोक पहिला शब्द बघतात आणि एकीबद्दल वाचलेलं दुसरीला चिकटवतात. म्हणून नाव मिळालं की पूर्ण नाव आणि पत्ता दोन्ही जुळवा. आणि एसडीएसवर वरती रिव्हिजनची तारीख असते ती बघायला विसरू नका, जुन्या शीटवर जुना बनवणारा असू शकतो.

निर्मळ_तेल:
मी लुब्रिकंटच्या टेस्टिंग लॅबमध्ये काम करते, म्हणून "बनवतं" या शब्दावरच थोडं लिहिते, कारण सगळा गोंधळ तिथे आहे.

इंजिन ऑइल एका जागी जन्माला येत नाही. बेस ऑइल, म्हणजे मूळ तेल, रिफायनरीतून येतं. ॲडिटिव्हचं, म्हणजे त्यात घालायच्या रसायनांचं, पॅकेज वेगळ्या कंपनीकडून येतं आणि जगात त्या मुख्यतः चारच आहेत, लुब्रिझॉल, इन्फिनियम, ॲफ्टन आणि शेव्हरॉनची ओरोनाइट. व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) सुधारणारं पॉलिमर अजून तिसरीकडून येऊ शकतं. ब्लेंडर हे सगळं ठरलेल्या प्रमाणात गरम टाकीत ढवळतो, सॅम्पल लॅबला पाठवतो, पास झालं की बाटल्या भरतो. मोठ्या नावाच्या कंपन्याही ॲडिटिव्ह बहुतेक याच चौघांकडून घेतात. म्हणजे एकाच ब्लेंडरकडून दोन ब्रँड निघाले तरी दोन्हींची रेसिपी वेगळी असू शकते, आणि दोन वेगळ्या शहरातल्या ब्लेंडरांचं ऑइल एकाच ॲडिटिव्ह कंपनीच्या एकाच पॅकेजवर असू शकतं. ब्लेंडरचं नाव कळलं म्हणजे आत काय आहे ते कळलं असं होत नाही, आणि "तेच ऑइल, फक्त स्टिकर वेगळा" हे त्यामुळेच छातीठोक सांगता येत नाही.

एसडीएसमधल्या घटकांवरून बेस ऑइल ओळखायचा प्रयत्न बरेच जण करतात. तिथे बऱ्याचदा ६४७४२-५४-७ हा कॅस नंबर (रसायनाचा ओळख क्रमांक) दिसतो, हायड्रोट्रीटेड पॅराफिनिक डिस्टिलेटचा. पण तो नंबर ग्रुप २ च्या बेस ऑइललाही लागतो आणि जास्त शुद्ध केलेल्या ग्रुप ३ लाही, त्यामुळे त्यावरून दर्जा ठरवू नका. "फुल सिंथेटिक" हा शब्दसुद्धा बघा, कॅस्ट्रॉल ग्रुप ३ वाल्या ऑइलला सिंथेटिक म्हणतं म्हणून मोबिलने अमेरिकेत जाहिरातींच्या तंटा मंडळाकडे तक्रार नेली होती, १९९९ मध्ये आणि निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला, तेव्हापासून तिथे ग्रुप ३ वाल्या ऑइललाही सिंथेटिक म्हणणं रुळलं. ग्रुप ३ वाईट अजिबात नाही, पण लेबलवरच्या त्या शब्दातून तुम्हाला आतलं काही कळत नाही.

रंग तर सोडूनच द्या. ॲडिटिव्ह बदललं, बेस ऑइलचा लॉट बदलला तरी रंग फिका-गडद होतो. खरा ठसा बघायचा असेल तर न वापरलेल्या ऑइलचं ॲनालिसिस करून घ्या. कॅल्शियम, मॅग्नेशियम, मॉलिब्डेनम, बोरॉन, झिंक, फॉस्फरस किती पीपीएम आहेत आणि १०० अंशाला व्हिस्कॉसिटी किती, हे दोन्ही बाटल्यांचं शेजारी ठेवलं की रेसिपी बदलली का ते लगेच दिसतं. ५डब्ल्यू-३० असेल तर १०० अंशाला व्हिस्कॉसिटी ९.३ ते १२.५ सेंटीस्टोकच्या (हे तिचं माप) आत यायलाच हवी.

जुनी_डिझेल:
ताई, हे फार छान समजावलंत, रंगाच्या बाबतीत मीपण इतकी वर्षं फसत होतो.

स्पार्क_प्लग_४:
मला वाटतं बनवणाऱ्यापेक्षा आधी बाटलीवरचं गोल चिन्ह बघा, एपीआयचा, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा, तो डोनट. वरच्या भागात सर्व्हिस कॅटेगरी, म्हणजे ऑइल कोणत्या मानकाचं आहे ते सांगणारी एसएन, एसपी अशी अक्षरं, मधे ग्रेड, आणि पुढच्या बाजूला स्टारबर्स्ट हे एपीआयचं दुसरं चिन्ह असलं तर तेही. हे चिन्ह कोणी मनाने छापू शकत नाही, त्याला लायसन्स लागतं आणि एपीआयच्या साइटवर लायसन्स असलेल्यांची डिरेक्टरी सगळ्यांना खुली आहे. ब्रँडचं नाव टाकलं की लायसन्स कोणाच्या नावावर आहे ते येतं. कधी ते दुकानाच्याच नावावर निघतं तर कधी थेट ब्लेंडरच्या, दुसरं असेल तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं. शिवाय एपीआय स्वतः बाजारातून बाटल्या उचलून तपासतं, म्हणून स्टोअर ब्रँड असो की मोठा ब्रँड, चिन्ह खरं असेल तर मला तेवढा भरवसा वाटतो.

आणि लेबलवरची भाषा नीट वाचा. अप्रूव्ह्ड वेगळं आणि "या स्पेसिफिकेशनच्या गाड्यांसाठी योग्य" किंवा "गरजा पूर्ण करतं" वेगळं. पहिल्यात गाडी बनवणाऱ्याने तपासून मान्यता दिलेली असते, दुसऱ्यात ऑइल विकणारा स्वतः सांगत असतो. मर्सिडीज आपल्या अप्रूव्ह्ड ऑइल्सची यादी कंपनीच्या नावासकट प्रसिद्ध करते, जीएमच्या डेक्सॉस या ऑइल मानकाचं पण लायसन्स असतं. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय ते त्या यादीत शोधा. ज्या बाटलीवर चिन्हच नाही, किंवा मागे बारीक अक्षरात एसए, एसएफ असं काही लिहिलंय ती मात्र हातात धरू नका, एसएफ १९८८ च्या आधीच्या इंजिनांसाठी आणि एसए तर १९३० नंतरच्या इंजिनांना चालतच नाही, तरी अशा बाटल्या अजून विकायला असतात आणि स्वस्त म्हणून लोक उचलतात, वाईट वाटतं.

लांबचा_रस्ता:
मंडळी, काल रात्री बसून सगळं केलं. दुकानाच्या साइटवर एसडीएस मिळाली, नवीन तारखेची. तिच्यावर एका ब्लेंडिंग कंपनीचं नाव आहे, दुकानाचं नाही. मग जुन्या बाटलीची शीट शोधली, तीपण एका ठिकाणी सेव्ह केलेली मिळाली, ४ वर्षांपूर्वीची, आणि नाव तेच, पत्ता तोच! म्हणजे बनवणारा बदललाच नाही, निदान कागदावर तरी.

मग स्पार्क_प्लग यांनी सांगितलं तसं डोनट बघितला आणि तिथे पकडलं. जुनीवर एपीआय एसपी आहे आणि नवीनवर एसक्यू. मी दोन्ही बाटल्या इतका वेळ हातात धरून बसलो होतो आणि ते एक अक्षर मला दिसलं नव्हतं.

निर्मळ_तेल:
मग फिक्या रंगाचं कारण बहुतेक तेच. एसपी मे २०२० पासून होतं आणि एसक्यूची लायसन्सं ३१ मार्च २०२५ पासून द्यायला लागले, गाडी बनवणाऱ्यांच्या आयएलसॅक समितीचं जीएफ-७ हे मानकपण त्याच दिवसापासून. नवीन कॅटेगरी आली की ॲडिटिव्ह पॅकेज नव्याने पास करून घ्यावं लागतं, त्यातच बऱ्याच कंपन्या लेबल आणि बाटलीही बदलून घेतात. बनवणारा तोच आणि रेसिपी नवी, असं असू शकतं.

मिसळायचं म्हणाल तर खुशाल मिसळा. ऑइल दुसऱ्या ऑइल्समध्ये नीट मिसळतं का, थर धरतं का, याची टेस्ट या मानकांमध्येच असते. एसक्यू मागच्या कॅटेगरीच्या जागी वापरता येतं, फक्त मिसळल्यावर पूर्ण भरणीला एसक्यू धरू नका, एसपी धरा. तुमच्या मॅन्युअलमध्ये एसपी किंवा त्याआधीचं मागितलं असेल तर प्रश्नच नाही. ग्रेड तोच आहे ना तेवढं बघा. जुन्या बाटलीचं झाकण घट्ट होतं ना? ओल लागलेली नसली म्हणजे झालं.

लांबचा_रस्ता:
झाकण घट्ट होतं ताई, आत बघितलं तर स्वच्छ, तळाला काही बसलेलं नाही. मॅन्युअलमध्ये एसएन मागितलंय, म्हणजे एसपीच्या आधीचंच. मग रविवारी जुनी अर्धी आणि नवीन मिळून भरतो, आणि नवीन बाटलीतलं थोडं ऑइल बाजूला काढून ठेवतो ॲनालिसिसला पाठवायला. रिपोर्ट आला की आकडे इथेच टाकतो, पुढच्या वेळी झाकणाचा रंग बदलला तर जुळवायला काहीतरी हातात असेल.

पाना_नंबर_दहा:
आकडे नक्की टाका दादा. मीपण माझ्या बाटलीची एसडीएस काढली, माझ्या ऑइलवर कुठल्याच मोठ्या कंपनीचं नाव नाही, वरचं माझं लिहिलेलं चुकीचं होतं. डिरेक्टरीत शोधतोय आता.