मदत हवी आहे: जुना थ्री-सीएक्स सकाळी चालू होत नाही, थर्मोस्टार्टचा घोळ

दिघेकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आमच्याकडे जेसीबी थ्री-सीएक्स आहे. अगदी पहिल्या पिढीतला, पर्किन्स ४.२३६ इंजिनवाला. ("आमच्याकडे जेसीबी आहे" असं सांगितलं की लोक विचारतात, कुठल्या कंपनीचा? आपल्याकडे माती उकरणारं पिवळं काहीही दिसलं की तो जेसीबीच.) बाबांनी तो लिलावात घेतला होता. नेरूळ, सानपाड्याला सेक्टर उभे राहत होते तेव्हा गटारांचे आणि पाण्याच्या लाइनींचे चर यानेच खणले. नंतर बाबांनी धंदा आवरला आणि मशीन दिघ्याच्या शेडमध्ये ११ वर्षं ताडपत्रीखाली पडून राहिलं. भंगारवाला दोनदा येऊन भाव सांगून गेला. मागच्या पावसाळ्यानंतर मी हात घातला.

आतापर्यंत झालेलं: डिझेलची टाकी उतरवून धुतली, तळाला काळ्या शेवाळासारखा चोथा होता. दोन्ही फिल्टर नवे. नोझल आणि पंप वागळे इस्टेटमध्ये टेस्टिंगला दिले, पंपाची सीलं बदलली. हायड्रॉलिकचे होज कळंबोलीहून बनवून आणले. बूमच्या सिलिंडरला सील किट टाकलं. शेवटी सगळं खरवडून, प्रायमर मारून, पिवळा रंग स्वतः फवारला. फोटोत दिसतंय तेवढं चकचकीत प्रत्यक्षातही आहे, गर्वाने सांगतो.

आता रडगाणं. दुपारी शेड तापली की दोन-तीन सेल्फमध्ये चालू होतो, दिवसभर कितीही वेळा बंद करा, लगेच उठतो. पण सकाळी सहा-साडेसहाला गेलं तर ४०-४५ सेकंद सेल्फ मारावा लागतो, तेही थांबून थांबून. मग भसकन पांढरा धूर, दोन सिलिंडरवर लंगडत चालतो, आणि मिनिटभराने सुरळीत.

साहजिकच कोल्ड स्टार्टवर संशय. या इंजिनाला डिझेल गाड्यांसारखे प्रत्येक सिलिंडरला ग्लो प्लग (तापवणारे हीटर) नाहीत. इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपात, एकच थर्मोस्टार्ट (आत जाणारी हवा तापवणारा हीटर) बसवलेला आहे. तो बघायला गेलो तर गंमत. त्याची वायर कुणीतरी कापून टेप गुंडाळून ठेवलेली. त्याला डिझेल देणारी बारीक नळी काढून टाकलेली, आणि फिल्टरच्या डोक्यावर जिथून ती निघायची त्या भोकात एक साधा बोल्ट पिळलेला. बोल्टाभोवती तेलकट धुळीचा सुपारीएवढा गोळा. बाबा म्हणतात, "गळत होतं म्हणून त्या वेळच्या मिस्त्रीने बंद केलं, त्याने काही अडलं नाही."

मी नवी वायर टाकली. एअर क्लीनरचा पाइप काढून आत बघितलं तर कॉइल तापते, पण मंद, चुलीतल्या विझत आलेल्या निखाऱ्यासारखी. ज्वाला येत नाही. सकाळच्या स्टार्टिंगमध्ये काडीचाही फरक नाही.

प्रश्न असे: नवा थर्मोस्टार्ट घ्यावा का आणि कुठे मिळेल? की कटकट नको म्हणून ईथरचा (झटकन पेट घेणारा) स्प्रे मारून चालू करत जावं? शेजारच्या गॅरेजवाल्याने बोळा डिझेलमध्ये बुडवून, पेटवून एअर क्लीनरसमोर धरायचा सल्ला दिलाय.

---

उनाड_ठाणेकर

ठाण्यात थंडी??? भाऊ, इथे जानेवारीत स्वेटर घातलेला माणूस दिसला तर लोक त्याला ताप आलाय का विचारतात.

---

दिघेकर

हसा. मशीन फेब्रुवारीत मुरबाडला न्यायचंय, टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या पायथ्याशी आमची शेती आहे. शेततळं खणायचंय. तिथल्या पहाटे इथल्यासारख्या नसतात.

---

नोझलमास्तर

दिघेकर, पहिली गोष्ट. ईथर आणि थर्मोस्टार्ट एकत्र कधीही नाही. थर्मोस्टार्ट म्हणजे मॅनिफोल्डमध्ये पेटवलेला दिवा आहे. त्यावर ईथर मारशील तर स्फोट मॅनिफोल्डमध्येच होईल आणि तुझं तोंड एअर क्लीनरपाशी असेल. नुसतं ईथर मारलंस तरी त्याचा भडका पिस्टन वर पोचायच्या आधीच उडतो. रिंगा तुटलेली इंजिनं मी खोललीत. बोळ्याबद्दल काय बोलू, गॅरेजवाल्याला म्हणावं स्वतःच्या गाडीला लाव.

आता थर्मोस्टार्ट कसा चालतो ते समजून घे, म्हणजे तुझा तुलाच उलगडा होईल. आत एक छोटी झडप आहे आणि तिच्याभोवती कॉइल. चावी हीटवर धरली की कॉइल लाल होते, त्या उष्णतेने झडपेची बॉडी प्रसरण पावते, झडप उघडते आणि डिझेल थेंबाथेंबाने लाल कॉइलवर पडतं. १५-२० सेकंद धरायचं, मग तसंच पुढे सेल्फवर न्यायचं. इंजिनाने हवा ओढली की ज्वाला धरते आणि गरम हवा सिलिंडरमध्ये जाते. बास. तुझ्याकडे डिझेलची नळीच नाही, मग ज्वाला कुठून येणार? उलट कोरड्या थर्मोस्टार्टला करंट देत राहिलास तर कॉइल जळेल. डिझेलच तिला थंड ठेवतं. तेव्हा नळी जोडेपर्यंत ती वायर काढून ठेव.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. ४.२३६ डायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन आहे, कॉम्प्रेशन १६ ला १. धडधाकट असेल तर ठाण्याच्या सकाळी त्याला थर्मोस्टार्ट लागायलाच नको. तुझ्या बाबांचं अडलं नाही ते उगाच नाही. आता अडतंय, म्हणजे दुसरंच काहीतरी बिघडलंय आणि तू दिव्याच्या मागे लागलायस.

एक सांग. सकाळी सेल्फ मारतोस तेव्हा धुरांड्यातून पहिल्या सेकंदापासून धूर येतो का? नीट बघून सांग, आठवून नको.

---

वायरमन_कळवा

मास्तरांशी सहमत. माझ्याकडून दोन गोष्टी.

दादा, वायर कुठली टाकलीत? थर्मोस्टार्ट १२ अँपिअरच्या आसपास ओढतो. बल्बाची बारीक वायर टाकून पिळून जोड दिला असेल तर कॉइल मंदच दिसणार. चावी हीटवर धरून थर्मोस्टार्टच्या टर्मिनलला व्होल्ट मोजा.

आणि सेल्फ मारताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर, दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर ठेवा, उघड्या लोखंडावर. अर्धा व्होल्टच्या आत हवं. तुम्ही स्वतः रंग फवारलाय म्हणालात ना? म्हणूनच विचारतोय.

---

दिघेकर

आज पहाटे पावणेसहाला शेडमध्ये. बायको म्हणाली, माझ्या माहेरच्या गाडीसाठी कधी इतक्या लवकर उठला नाहीत.

वायरमन दादा, तुम्ही ज्योतिषी आहात का? टर्मिनलला १०.१ व्होल्ट. वायर बारीकच होती, आणि हो, पिळून जोडलेली. पण खरी लाज पुढे आहे. ब्लॉक आणि निगेटिव्ह पोलमध्ये सेल्फ मारताना १.७ व्होल्ट. अर्थिंगची पट्टी काढली तर तिच्याखाली माझाच सुंदर पिवळा रंग, प्रायमरसकट. बोल्टाच्या आट्यांतून काय थोडं लोखंड लागत होतं तेवढ्यावर सेल्फ फिरत होता. चासीवरची आणि ब्लॉकवरची जागा घासून लोखंड उघडं केलं, पट्टी कसली, वरून ग्रीस. आता ०.२ व्होल्ट. सेल्फचा आवाजच बदलला, आधी कण्हत होता, आता गरगर फिरतो.

तरी चालू व्हायला २५ सेकंद लागलेच.

मास्तर, धूर: पहिली २० सेकंद काहीच नाही, अगदी कोरडं. मग पांढरा, मग चालू.

---

नोझलमास्तर

हेच हवं होतं. पांढरा धूर म्हणजे डिझेल सिलिंडरमध्ये पोचतंय पण जळत नाही. तिथे थंडी, कॉम्प्रेशन, टायमिंग हे प्रश्न. धूरच नाही म्हणजे डिझेल पोचतच नाही. तुझी पहिली २० सेकंद पंप नुसती हवा ढकलतोय. रात्रभरात डिझेल टाकीकडे परत उतरतं. दिवसा उतरायला वेळ मिळत नाही म्हणून लगेच उठतो. तुला ऊन आणि थंडी वाटत होतं, तो खरा रात्रीच्या दहा-बारा तासांचा फरक आहे.

पडताळा सोपा. उद्या सकाळी सेल्फ मारायच्या आधी फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) हाताचा लिव्हर ३०-४० वेळा मार. लिव्हर ढिला, पोकळ लागला तर आतला कॅम वर आलेला असतो, इंजिन जरासं फिरवून घे आणि परत मार. हाताला दाब लागेपर्यंत. मग अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण देऊन सेल्फ. झटकन उठला तर थंडीचा काही संबंध नाही, कुठेतरी एअर घेतोय.

आणि तो बोल्ट. फिल्टरच्या डोक्यावर ठोकलेला. त्याच्याभोवती तेलकट धूळ आहे असं तूच लिहिलंयस. इंजिन चालू असताना जिथून डिझेल पाझरतं, इंजिन बंद असताना तिथूनच हवा आत जाते. बोल्ट काढ आणि खाली वॉशर आहे का बघ.

---

मुरबाडकर

मधेच बोलतो, विषयाला धरून आहे. हे सगळं करताना बकेट आणि बूम जमिनीवर टेकवून ठेवा, मशीन न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. आणि चावीचा कंटाळा आला म्हणून सेल्फवर स्क्रू-ड्रायव्हर आडवा लावून चालू करू नका. खाली उभे राहून गिअरमधलं मशीन चालू केलं तर ते अंगावर येतं. आमच्याकडे एका ट्रॅक्टरवाल्याचा पाय असाच गेला.

शेततळ्यासाठी इकडे आलात की कळवा, बघायला येतो.

---

दिघेकर

मास्तर, साष्टांग नमस्कार.

आज सकाळी लिव्हर मारला. पहिले पंधरा-वीस फटके पोकळ, नुसतं खुळखुळ. मग हळूहळू जड होत गेला. सेल्फ मारला आणि ५ सेकंदांत उठला. थोडा पांढरा धूर आला, पण चारही सिलिंडर लगेच लागले. मी एकटाच शेडमध्ये हसत उभा.

मग तो बोल्ट काढला. वॉशर नाहीच. त्याच्या जागी सुतळी गुंडाळून वरून कसलातरी लाल डिंक फासलेला, तो वाळून पापडासारखा तुटत होता. बोल्टाचे आटेही वेगळेच, दोन पीळ बसून तिरका अडकलेला. म्हणजे थर्मोस्टार्टची गळती बंद करायला जो बोल्ट ठोकला, त्यानेच पंपाला हवा पाजली. इतकी वर्षं सुतळीने धरून ठेवलं आणि शेडमध्ये पडून पडून तिचा जीव गेला, असा माझा अंदाज.

सध्या योग्य आट्यांचा बोल्ट आणि तांब्याचा वॉशर टाकून बंद केलंय. पारदर्शक नळीचा एक तुकडा फीड पंप आणि फिल्टरच्या मधे लावून बघितला, एकही बुडबुडा नाही.

---

उनाड_ठाणेकर

म्हणजे थंडी नव्हतीच. मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं, नोंद घ्यावी.

---

दिघेकर

घेतली. 😄

मास्तर, एक शेवटचं. मुरबाडसाठी थर्मोस्टार्ट परत जोडू का? आणि जुना वापरू की नवा घेऊ?

---

नोझलमास्तर

जोड. कंपनीने दिलंय ते मशीनवर चालू असावं, या मताचा मी आहे, विशेषतः तू जुनं जसंच्या तसं करायला निघालायस तेव्हा. पण जुना आधी तपास. बाहेर काढ, बाकात (व्हाइसमध्ये) हलका धर, डिझेलची नळी जोडून लिव्हर मार. थंड असताना त्यातून एक थेंबही गळता कामा नये. गळला तर झडप गेली, फेकून दे. तसाच बसवलास तर डिझेल रात्रंदिवस मॅनिफोल्डमध्ये टपकेल आणि धुराचा नवा धागा काढशील. तुझ्या बाबांच्या मिस्त्रीला गळती दिसली ती बहुधा हीच. त्याने रोग बरोबर ओळखला, औषध चुकीचं दिलं.

नवा घ्यायचा तर मुंबईत नागदेवी किंवा कुर्ल्याला फिर. नमुना हातात घेऊन जा आणि आटे जुळवूनच घे, दुकानदाराच्या "बसेल हो" वर जाऊ नकोस. वायर अडीच चौरस मिलिमीटरची, टोकाला लग दाबून. पिळून नाही.

---

दिघेकर

तपासला. थंड असताना दर चार-पाच सेकंदांनी एक थेंब. म्हणजे मास्तर बरोबर. शनिवारी नागदेवीला जातो.

बाबांना सुतळीचं सांगितलं. म्हणाले, "सुतळी त्याने नाही, मी गुंडाळली होती. रविवार होता, दुकानं बंद होती."

मागच्या बूमचा किंगपोस्ट (ज्यावर बूम डावी-उजवीकडे वळते तो भाग) दोन बोटं हलतोय, पिन-बुश सगळे गेलेत. त्यासाठी वेगळा धागा काढतो.