‘द वंडर’ला मराठीत काय म्हणाल?

(बोलणाऱ्यांच्या नावाजागी त्यांची गावं दिली आहेत.)

दर्यापूर : मंडळी, शब्द अडला आहे. आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा भिंतीवर सिनेमा दाखवतो आणि मी मधेमधे थांबवून मराठीत सांगत जातो. या वेळी सेबास्तियन लेलिओचा ‘द वंडर’ (2022) आहे. गोष्ट 1862 सालची, आयर्लंडच्या खेड्यातली. अकरा वर्षांची अ‍ॅना चार महिने अन्नाला शिवली नाही म्हणतात, तरी धडधाकट आहे. लोक दर्शनाला येतात. गावचे कारभारी इंग्लंडहून एक नर्स बोलावतात (फ्लोरेन्स प्यू), सोबत एक नन. दोघींनी पाळीपाळीने पंधरवडाभर मुलीजवळ बसायचं आणि काय दिसलं ते सांगायचं. फळ्यावर मी ‘चमत्कार’ लिहिलं, तर आई म्हणते, “देवाचा पिक्चर हाय का? मंग नारळ आणतो.”

अकोट : आई बरोबर बोलल्या. मराठीत ‘चमत्कार’ म्हटलं की निकाल लागून गेलेला असतो. चमत्काराशिवाय नमस्कार नाही, ही म्हण उगाच नाही झाली. संस्कृत काव्यशास्त्रात हाच शब्द कविता ऐकून रसिकाला जो विस्मयाचा आनंद होतो त्याला वापरत. तो अर्थ आपल्याकडे फक्त ‘शब्दचमत्कृती’त उरला. आणि विशेषण केलं की आणखी पंचाईत. हिंदीत ‘चमत्कारिक’ म्हणजे दैवी. आपल्याकडे चमत्कारिक मुलगी म्हणजे विक्षिप्त, स्थळ सांगून आलं तर नको म्हणावं अशी. मी ‘नवल’ सुचवतो. नवल पाहणाऱ्याला वाटतं. ते खरं की खोटं, हे शब्द सांगत नाही. जुन्या मराठीत ‘कौतुक’ही याच अर्थाने येतं, पण आता शाळेच्या गॅदरिंगमध्ये कौतुक करून करून त्याचा तो अर्थ झिजला.

वणी : गुरुजी, नवल चालंन, पण आमच्याकडं त्याले काटा हाये. “लय नवलाची हायेस तू!” असं सासू म्हणते तवा त्यात विस्मय नसते. 😄

दर्यापूर : काटा असेल तर उलट बरंच. त्या गावातही अर्धे लोक तसंच बोलत असणार. आता नर्सला काय म्हणू? ती नास्तिक म्हणावी तर देवाशी तिचं भांडण दिसत नाही. ‘संशयी’ म्हटलं की बायकोचा मोबाइल तपासणारा नवरा डोळ्यासमोर येतो.

आर्वी : दादा, मी स्वतः नर्स आहे, सिनेमा पाहिलाय. ‘चिकित्सक’ म्हणा. सरकारी दवाखान्यात पाटीवर ‘जिल्हा शल्य चिकित्सक’ लिहिलेलं असतं तोच शब्द. दुखणं तपासणारा तो चिकित्सक आणि सांगोवांगीवर न विसंबणारा तोही चिकित्सक. ती बाई क्रायमियाच्या युद्धात नाइटिंगेलच्या हाताखाली काम केलेली. आल्या आल्या ती अ‍ॅनाच्या हिरड्या बघते, अंगावरची लव बघते, नाडी मोजते. देव आहे की नाही हा तिचा प्रश्नच नाही. तिचा प्रश्न आमच्यासारखाच : पोरगी खाते काय?

पण मला खरा शब्द वेगळाच अडला. उपास. ‘उपास’ आणि ‘उपाशी’ हे एकाच घरातले आहेत ना?

अकोट : सख्खे. मूळ ‘उपवास’, उप म्हणजे जवळ आणि वास म्हणजे राहणं; देवाजवळ राहणं. उपवासीचा झाला उपाशी, आणि ज्याला खायला नाही त्याच्या वाट्याला गेला. ‘उपासमार’ही त्याच मुळाची. एका टोकाला साबुदाण्याची उसळ, दुसऱ्या टोकाला रिकामं पोट.

आर्वी : मग ऐका. नोकरीच्या पहिल्या वर्षी गृहभेटीला एका घरी गेले. बाई सहा महिन्यांची गरोदर, वजन वाढत नव्हतं. जेवलीस का विचारलं तर म्हणाली, “आज सोमवार हाय ना ताई, उपास.” दुसऱ्या दिवशी गोळ्या द्यायला गेले, तर मंगळवार. गुरुवारी गेले, तर महाराजांचा गुरुवार. मी नवीन, मी तिला उपास कमी करायचं लेक्चर दिलं. निघताना म्हातारीने चहा टाकला आणि साखरेसाठी शेजारी पोराला पाठवलं, तेव्हा लक्ष गेलं : पिठाचा डबा झाकण काढून उपडा ठेवला होता. ती उपाशी होती, आणि घराची लाज राखायला ‘उपास’ म्हणत होती.

सिनेमात मला तेच दिसत राहिलं. त्या देशात 1845 ते 1852 बटाट्यावर रोग पडून दुष्काळ झाला, सुमारे दहा लाख माणसं गेली. अ‍ॅना त्या दुष्काळाच्या शेवटाला जन्मलेली. तिथे उपाशी माणसाचं कुणाला नवल नव्हतं. उपास केला तेव्हा यात्रा भरली.

दर्यापूर : ताई, हे मी त्या दिवशी सांगणार. एकच शेवटचं विचारतो. नर्स आणि नन ते जे काम करतात, त्याला ‘पहारा’ की ‘पाळत’? (पाहायचा असेल त्यांनी पुढचं वाचू नका, गुपित फुटतं.)

वणी : जागल म्हना ना! तुरीत रातभर बसतो आमी.

आर्वी : भाऊ, सुरुवातीला पाळतच आहे. पाळत चोरावर ठेवतात. जागल डुकरासाठी असली तरी शब्द पिकाच्या बाजूचा आहे, राखणीचा. आई सकाळ-संध्याकाळ मुका घेताना चावलेला घास लेकीच्या तोंडात देत होती, पाखरासारखा. नर्सने कुणी शिवायचं नाही म्हटलं आणि तो घास तुटला. पाळत चोख झाली तशी पोरगी खंगत गेली. मग नर्सने पाळत सोडली आणि राखण धरली. सगळा सिनेमा या दोन शब्दांमधला आहे, असं मला वाटतं.

अकोट : आणि असं खरोखर घडलेलं आहे. वेल्समधली सारा जेकब, 1869. लंडनच्या गायज् हॉस्पिटलमधून परिचारिका आणून बसवल्या. आठवडाभरात ती बारा वर्षांची मुलगी त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. शिक्षा आईबापांना झाली. पाळत ठेवा म्हणणारे सुटले. एमा डोनाह्यूने ज्या कादंबरीवर हा सिनेमा झाला ती अशाच ‘उपासकरी’ मुलींच्या हकिकती वाचून लिहिली.

वणी : ‘उपासकरी’ बरा हाये. वारकरी, माळकरी, उपासकरी.

दर्यापूर : ठरलं. फळ्यावर ‘नवलाची पोर’ लिहिलं आहे. शनिवारी सात वाजता, स्वतःची सतरंजी आणा. आई फळा वाचून म्हणाली, “कोनाची हाय ते?” 🙏