कामाच्या ठिकाणी कोणी आपल्या विश्वासाविषयी विचारले तर किती आणि कसे बोलावे?

प्रश्न : परिचारिका, पुणे

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. मी पुण्यातील एका खासगी रुग्णालयाच्या डायलिसिस विभागात काम करते. आमचे रुग्ण आठवड्यातून दोन-तीन वेळा येतात, प्रत्येक वेळी साधारण चार तास यंत्राला जोडलेले असतात आणि हे वर्षानुवर्षे चालते. त्यामुळे कोणाच्या मुलीचे लग्न ठरत नाही, कोणाच्या जमिनीचा दावा लांबला आहे, हे सगळे आम्हांला ठाऊक असते आणि आमच्या घरचेही त्यांना बरेचसे कळत असते. सुई टोचण्यापूर्वी मी रुग्णाच्या हातावरील फिस्टुलावर (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिनीवर) बोटे ठेवून रक्तप्रवाहाची थरथर नीट लागते का ते पाहते, आणि त्याच वेळी मनात एका वाक्याची प्रार्थना करते. मागच्या आठवड्यात एका वयस्कर काकांनी विचारले, "सिस्टर, सुई टोचायच्या आधी तुम्ही काय पुटपुटता?" मी म्हणाले, "देवाचं नाव घेते, काका." त्यावर ते म्हणाले, "कोणत्या देवाचं? आणि तो ऐकतो का तुमचं?" तेवढ्यात शेजारच्या यंत्राचा अलार्म वाजला आणि बोलणे तिथेच राहिले; पण काका विसरणारे नाहीत.

माझी अडचण अशी आहे की, माझ्या पतीचे चाकणच्या एका कारखान्यातील काम सुटले आहे. आम्ही घरी रोज रात्री कुटुंबप्रार्थना करतो, मंडळीत म्हणजे चर्चमध्येही त्यासाठी प्रार्थना झाली, परंतु अजून दुसरे काम मिळालेले नाही. अशा स्थितीत "तो ऐकतो का" या प्रश्नाला मी कोणत्या तोंडाने होकार देऊ? आणि दुसरे असे की, हल्ली ख्रिस्ती माणसाने येशूचे नाव उच्चारले तरी धर्मांतराचा संशय घेतला जातो. मग काकांना उत्तर द्यावे की विषय टाळावा? कृपया अनुभवी लोकांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर

ताई, तुमच्या पतीच्या कामासाठी मीही प्रार्थना करीन. तुमचा पहिला प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याविषयीच सविस्तर लिहितो. मागितलेले मिळाले तरच देवाविषयी बोलण्याचा अधिकार प्राप्त होतो, अशी समजूत आपल्या मंडळ्यांमध्ये साक्षी ऐकून ऐकून रुजली आहे. व्यासपीठावर येणारा प्रत्येक जण आजार बरा झाल्याचे, व्हिसा मिळाल्याचे किंवा घर झाल्याचे सांगतो, आणि ज्याचे काहीच झालेले नाही तो मागच्या बाकावर गप्प बसून राहतो. पवित्र शास्त्र म्हणजे बायबल मात्र असे बोलत नाही. "हे परमेश्वरा, कोठवर?" हा तेराव्या स्तोत्राचा आरंभच आहे. राजाच्या मूर्तीला नमन न केल्यामुळे आगीच्या भट्टीत टाकले जाणारे शद्रख, मेशख आणि अबेदनगो हे तरुण भट्टीसमोर उभे राहून म्हणाले की, आमचा देव आम्हांला सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने सोडवले नाही तरीही आम्ही मूर्तीपुढे वाकणार नाही. हबक्कूक संदेष्टा तर अंजिराला फूल नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरे नाहीत अशी यादी करतो आणि मगच आपल्या आनंदाविषयी बोलतो.

आपल्याच महाराष्ट्रातील पंडिता रमाबाई घ्या. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. विवाहानंतर दोन वर्षांच्या आतच, १८८२ मध्ये, पती गेले. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनचा भार ज्या एकुलत्या एका मुलीने, मनोरमाने, उचलावा असे वाटत होते, तीही १९२१ मध्ये गेली. तरीही रमाबाई पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचे काम करीत राहिल्या आणि ते पूर्ण करूनच १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी देह ठेवला. मनोरमासाठी त्या आईने प्रार्थना केली नसेल असे कोण म्हणेल? त्यांच्या विश्वासाचे मोजमाप मिळालेल्या उत्तरांवरून करायचे ठरवले, तर त्यांचे सगळे आयुष्यच आपल्याला कळणार नाही.

तेव्हा काकांना जे खरे आहे तेच सांगा. "ऐकतो, असा माझा विश्वास आहे, यजमानांना अजून काम मिळालेलं नाही, तरीसुद्धा," एवढे म्हटलेत तरी ते पूर्ण उत्तर आहे. वर्षानुवर्षे यंत्राच्या आधारावर जगणाऱ्या माणसाला चमत्काराच्या गोष्टीपेक्षा हेच अधिक जवळचे वाटेल.

उत्तर : सेवानिवृत्त परिचारिका, मिरज

सरांनी लिहिलेले पटले. मी फक्त वॉर्डाच्या बाजूने सांगते, कारण माझे आयुष्य तिथेच गेले. यंत्राला जोडलेला रुग्ण चार तास उठून जाऊ शकत नाही, ही गोष्ट कधीही विसरू नका. बाजारात किंवा शेजारी आपले बोलणे कोणाला नकोसे झाले तर तो काहीतरी निमित्त काढून निघून जातो. तुमच्या काकांना ते शक्य नाही, शिवाय पुढच्या वेळी सुई तुमच्याच हातून टोचून घ्यायची असल्यामुळे ते तोंडावर "पुरे" असेही म्हणणार नाहीत. म्हणून विचारले तेवढ्याचे उत्तर द्या आणि थांबा. पेत्राच्या पहिल्या पत्रात आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सिद्ध असा म्हटले आहे, आणि ते सौम्यतेने व आदराने द्या असेही लगेच म्हटले आहे. या दोन्ही गोष्टी पाळल्या की निम्मी भीती आपोआप जाते.

दुसरी गोष्ट मी अगदी ठामपणे सांगते. बरे होण्याचे आश्वासन कोणालाही देऊ नका. दीर्घ आजाराचा माणूस आशेला फार लवकर चिकटतो. "प्रार्थनेने किडनी सुधारेल" असा अर्थ त्याने काढला आणि डायलिसिसची एखादी पाळी चुकवली, तर शरीरात पाणी आणि पोटॅशियम वाढून जिवावर बेतते, हे तुम्हांला मी सांगायला नको. देवावरचा भरवसा आणि वेळेवर होणारे डायलिसिस यांत निवड करायची नसते, हे आपल्या बोलण्यातून स्पष्ट व्हायलाच हवे. पत्रके मात्र कामाच्या वेळेत मुळीच देऊ नका. काकांना खरोखर अधिक जाणून घ्यायचे असेल तर ते स्वतः विचारतील, आणि ते बोलणे तुमची पाळी संपल्यावर, ते यंत्रावर नसताना आणि शक्य तर त्यांच्या घरच्यांच्या देखत होऊ द्या.

उत्तर : युवक संघाचा कार्यकर्ता, मुंबई

मिरजेच्या ताईंचा मान राखून थोडे वेगळे मत मांडतो. सावधगिरी आवश्यक आहे, परंतु आपल्या मराठी मंडळ्यांत सावधगिरीच्या नावाखाली पूर्ण मौन पाळण्याची सवय लागली आहे, याचे मला दुःख होते. आमच्या कार्यालयात अनेक वर्षे शेजारी बसणाऱ्यांना आम्ही नाताळात करंज्या देतो, पण तो सण कशासाठी आहे हे त्यांनी विचारल्यावरही नीट सांगत नाही. ऐकलेच नाही तर विश्वास कसा ठेवतील, हा रोमकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायातील प्रश्न आपल्यालाही लागू आहे. येशूचे शिष्य पेत्र आणि योहान यांना त्याच्याविषयी न बोलण्याची ताकीद मिळाली, तेव्हा जे पाहिले आणि ऐकले ते बोलल्यावाचून आम्हांला राहवत नाही, असे त्यांनी सांगितले.

कायद्याविषयीही विनाकारण घाबरू नये. संविधानाचे कलम २५ सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देते. त्याच वेळी, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या स्टेनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले आहे, हेही आपल्या लोकांना माहीत असायला हवे. काकांनी विचारले आणि ताईंनी स्वतःचा विश्वास सांगितला, यात आमिष नाही, दडपण नाही आणि लपवण्यासारखेही काही नाही. तेव्हा "देवाचं नाव घेते" एवढ्यावर न थांबता येशूचे नाव मोकळेपणाने घ्यावे, असे मला वाटते.

उत्तर : एक वाचक, कोल्हापूर

मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरी अंबाबाईची भक्ती आहे. तरीही लिहितो, कारण या चर्चेतील काका माझ्याच वडिलांच्या वयाचे असावेत. माझी आई रुग्णालयात होती, तेव्हा तिच्या खोलीत दोन ख्रिस्ती बायका वेगवेगळ्या वेळी आल्या. पहिलीने आईच्या उशाजवळचा देवीचा फोटो पाहून, "इतकी वर्षं हिला पुजलंत, काय मिळालं?" असे विचारले. आई त्या दिवशी जेवली नाही. दुसरी रात्रपाळीची आया होती. आईला झोप येत नसे तेव्हा ती पाय चेपत बसे, आणि आईने विचारल्यावर तिने आपल्या येशूविषयी सांगितलेही. तो स्वतः मार खाऊन, अपमान सोसून मेला, म्हणून त्याला आपले दुखणे कळते, असे काहीसे ती म्हणाली होती. आईने ते मन लावून ऐकले आणि पुढे आम्हांलाही सांगितले. आमच्या घरात आजही आई त्या आयाचे नाव आदराने घेते. ताई, तुम्ही तुमच्या देवाविषयी जरूर बोला, आम्हांला त्याचे वावडे नाही. आमच्या देवाला मध्ये आणू नका, एवढीच विनंती आहे.

उत्तर : निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर

कोल्हापूरच्या वाचकांचे मनापासून आभार. त्यांच्या मातोश्रींना जे ऐकावे लागले त्याचे मला फार वाईट वाटले. आपल्या युवक मित्रांनी काढलेला मौनाचा मुद्दा खरा आहे, पण हा अनुभव त्यांनी त्यासोबत ठेवून वाचावा. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या, आणि पुन्हा एकत्र आल्यावरही बराच काळ त्यांनी आपले सोवळे सांभाळले. टिळकांसारखा बोलका, कवी मनाचा आणि आपल्या विश्वासाविषयी जराही न लपवणारा माणूस घरात असूनही लक्ष्मीबाईंचा निर्णय त्यांचा त्यांनीच, त्यांच्या वेळेने घेतला. शिवाय तुकोबांवरचे टिळकांचे प्रेम शेवटपर्यंत टिकले. ख्रिस्ताची भजने लिहिताना अभंग आणि ओवी त्यांना परकी वाटली नाही. ज्याला आपल्या विश्वासाची खात्री असते त्याला दुसऱ्याच्या श्रद्धेला खाली ओढावे लागत नाही, असे मला त्यांच्याकडे पाहून वाटत आले आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर : परिचारिका, पुणे

सर्वांची मी ऋणी आहे. काल काकांनी अपेक्षेप्रमाणे विचारलेच. मी म्हणाले, "काका, मी येशूला प्रार्थना करते, की तुमची सुई एका टोचण्यात बसू दे आणि आजचा दिवस तुम्हांला नीट जाऊ दे. तो ऐकतो असा माझा विश्वास आहे. आमच्या यजमानांच्या कामाचं अजून जमलेलं नाही, तरी मी मागणं सोडलेलं नाही." काका बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी विचारले, "मग माझ्या नातवाच्या परीक्षेसाठी म्हणाल का काही? मोठ्यानं म्हणा, मला ऐकू येईल असं." मी पुढच्या वेळी म्हणेन असे सांगितले आहे. परंतु शेजारी इतर रुग्ण असतात. मिरजेच्या ताई, अशा वेळी काय करावे?

उत्तर : सेवानिवृत्त परिचारिका, मिरज

ताई, आधी तुमच्या इन्चार्ज सिस्टरांच्या कानावर घाला. परवानगी मिळाली नाही तर काकांना तसे सरळ सांगा आणि पाळी संपल्यावर बाहेरच्या बाकावर त्यांच्यासोबत बसून प्रार्थना करा. परवानगी मिळाली तर यंत्र सुरू करून, रक्तदाब नोंदवून झाल्यावर त्यांच्याजवळ जा, म्हणजे कामात खंड पडणार नाही. त्यांची मुलगी किंवा सूनबाई सोबत असतील तर त्यांनाही विचारा. आवाज काकांना ऐकू जाईल इतकाच ठेवा, नातवाचे नाव घ्या, काकांनी जे मागितले तेच मागा, आणि प्रार्थनेत उपदेश घालू नका. सगळे मिळून अर्ध्या मिनिटाचे काम आहे. नातवाची परीक्षा कधी आहे ते मात्र लिहून ठेवा, म्हणजे पेपर कसा गेला हे त्यांना आठवणीने विचारता येईल.