एआय कॅमेरे लावले की स्वारगेट सुरक्षित?

कसबेकर: "स्वारगेटला चेहरा ओळखणारे एआय कॅमेरे बसवा, गुन्हेगार दारातच सापडेल." सकाळची ही पोस्ट वाचून राहवलं नाही. चेहरा खात्रीनं ओळखायला दृश्याच्या दर मीटर रुंदीला २५० पिक्सेल लागतात. ४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे २५६०, म्हणजे जेमतेम १० मीटरचा पट्टा. आपल्याकडे तोच कॅमेरा खांबाच्या टोकाला टांगून अख्खं आगार बघायला सांगतात. वरून टक्कल दिसतं हो, चेहरा नाही.

चिंचवडकर: मग खाली लावा की! दारापाशी, अडीच मीटर उंचीवर. लोहगाव विमानतळावर डिजियात्रा, म्हणजे चेहरा दाखवून प्रवेश, २०२३ पासून चालू आहेच.

कसबेकर: तिथे माणूस स्वतः फोटो देतो आणि कॅमेऱ्यासमोर मान सरळ करून उभा राहतो. स्वारगेटला पिशव्या सावरत पळणारा प्रत्येक जण संशयितांच्या यादीशी ताडायचा. हजारात एक चूक धरली, तरी ५० हजारांमागे ५० निरपराध. चौथ्या दिवशी कंट्रोल रूमवाला बीप बंद करून चहाला जातो.

हडपसर नाका: चेहरे राहू द्या, नंबरप्लेट तरी वाचता येते का? ४१४१ चं "दादा" करणाऱ्यांचं काय?

चिंचवडकर: द्रुतगती मार्गावर वाचतातच.

हडपसर नाका: कारण तिथे कॅमेरे लेनवर रोखलेले असतात. ताशी १०० म्हणजे सेकंदाला २८ मीटर. शटर १/१०० सेकंद ठेवलं तर पाटी २८ सेंमी सरकते, १/१००० ला ३ सेंमीच्या आत. रात्री इन्फ्रारेड जास्त झाला की परावर्ती पाटी पांढरीफटक.

सदाशिव ३०: म्हणून तर एचएसआरपी, ती सरकारी साच्याची सुरक्षित नंबरप्लेट. नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून सक्ती. जुन्यांची मुदत २०२५ मध्ये किती वेळा वाढवली, मोजा.

हडपसर नाका: पाट्यांचं शहर, आणि वाचता येत नाही ती फक्त गाडीवरची!

चिंचवडकर: विनोद पुरे. तुम्हाला काहीच नको असतं. २५ फेब्रुवारी २०२५ चा स्वारगेटवरचा बलात्कार विसरलात?

कसबेकर: विसरलो नाही, म्हणूनच बोलतोय. पहाटे, आगारात उभ्या शिवशाहीत. कॅमेरे होते. फुटेज तपासाला उपयोगी पडलं, अडवायला नाही. आधी उभ्या बसची दारं बंद आणि दिवे चालू. मग त्या बसच्या रांगेभोवती कॅमेऱ्याच्या चित्रावर आखलेली आभासी रेषा: रात्री १० ते सकाळी ७ कोणी ओलांडून ३० सेकंद रेंगाळलं की रक्षकाच्या फोनवर अलार्म, दोन मिनिटांत कोणी हललं नाही तर थेट चौकीला. याला चेहरा लागत नाही, मीटरला २५ पिक्सेल पुरतात.

चिंचवडकर: म्हणजे एआय हवंच! एवढं कबूल करायला केवढा वळसा.

कसबेकर: रेषेपुरतं हवं. पेढे वाटा.

हडपसर नाका: आगारातली कुत्री रात्रभर रेषा ओलांडतील.

चिंचवडकर: माणूस की प्राणी, ते कॅमेऱ्याला कळतं आता. खरी डोकेदुखी कोळ्याची. इन्फ्रारेडच्या दिव्यांपाशी किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि लेन्ससमोर हललेलं जाळं म्हणजे रात्रभर अलार्म.

कसबेकर: मग दर पंधरवड्याला काच पुसणं निविदेत कोणाच्या माथी आहे, ते दाखवा.