मदत हवी आहे: आईचा ताप उतरत नाहीये, उरलेलं अँटिबायोटिक सुरू करू का?

सायली_नवीन: आईला संध्याकाळपासून १००.६ ताप आहे, पॅरासिटामॉल दिली की उतरतो आणि परत चढतो. गेल्या वर्षी लघवीच्या इन्फेक्शनला दिलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चार गोळ्या पडून आहेत त्या चालू करू का? डॉक्टर फोन उचलत नाहीयेत, प्लीज लवकर सांगा.

बाकी_शून्य: वय? खोकला, जुलाब, लघवीला जळजळ? काहीतरी सांगा ना.

निवांत: व्हायरल असणार. अँटिबायोटिक उगाच खाल्ली की जंतू सोकावतात. तीन दिवस वाट बघा.

सायली_नवीन: वय ५८. खोकला नाही, घसा साफ, काहीच नाही. थंडी वाजते आणि शिरेत औषध द्यायला कातडीखाली बसवलेल्या पोर्टच्या जागी थोडं दुखतंय म्हणते.

बाकी_शून्य: पोर्ट??? केमो चालू आहे? अहो हे पहिल्या ओळीत लिहायचं! शेवटची कधी झाली?

सायली_नवीन: नऊ दिवस झाले. मला वाटलं केमोचाच ताप असेल.

जागरणवाला: आत्ता उठा आणि इमर्जन्सीला न्या. सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात, १००.४ तासभर टिकला किंवा एकदा जरी १०१ लागला तरी थांबायचं नसतं. दारातच 'केमो चालू आहे, ताप आहे' म्हणा, शिरेतून अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं. बाबांच्या वेळी पॅरासिटामॉलमुळे ९९ दिसत होता म्हणून आम्ही सकाळपर्यंत थांबलो आणि पहाटे बीपी ७०. पू नाही, खोकला नाही यावर जाऊ नका, पू व्हायलाही पेशी लागतात. आणि सिप्रो देऊ नका, मग कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) जंतूच सापडत नाही.

निवांत: मी साध्या तापाबद्दल बोललो. अँटिबायोटिकचा अतिरेक होतो हे खोटं आहे का?

जागरणवाला: खोटं नाही, पण इथे लावू नका. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली असले तर आधी औषध, कल्चर आलं की मग बदलतात नाहीतर कमी करतात.

पाऊसवेडी: सोबत प्रोबायोटिक द्या हं, माझ्या मुलाला अँटिबायोटिकने फार जुलाब झाले होते.

बाकी_शून्य: काउंट पडलेले असताना जिवंत जंतूंची कॅप्सूल? तेच रक्तात उतरल्याच्या केसेस आहेत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

काडीपेटी: केसांचं टेन्शन घेऊ नका, परत येतात. मावशीचे तर कुरळे आले.

सायली_नवीन: ॲडमिट केलं. न्यूट्रोफिल २००. पोर्टमधून आणि हातातून दोन्हीकडून कल्चरला रक्त घेतलं, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम हे अँटिबायोटिक लावलंय. पॅरासिटामॉल किती वाजता दिली विचारलं तर मला आठवेचना. पोर्टमधून सलाईन सोडलं की पाच मिनिटांत दात वाजायला लागतात तिचे. पोर्ट काढावा लागतो का? कोणाचा काढलाय?

जागरणवाला: ते दात वाजणं डॉक्टरांना लगेच सांगा, जंतू पोर्टमध्येच बसलेले असू शकतात.

बाकी_शून्य: जंतू कोणता त्यावर आहे. स्टॅफ ऑरियस किंवा बुरशी आली तर बहुतेक काढतातच, काही जंतूंना पोर्ट ठेवून औषध देतात.

काडीपेटी: थर्मामीटर काखेत लावलेला का? काखेत कमी दाखवतो.