सरकारने बाळाच्या नावावर पैसे ठेवले तर खरंच फरक पडतो का?

रामबागेतली:
आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या बाईंच्या धाकट्या लेकीला परवा मुलगी झाली. पहिलंच बाळ. जावई ऑटो चालवतो, तोही भाड्याचा. मी लगेच आपल्या मध्य प्रदेश सरकारच्या मुलींसाठीच्या लाडली लक्ष्मी योजनेचं पुराण लावलं: सहावीत २,०००, नववीत ४,०००, अकरावी-बारावीला सहा-सहा हजार, कॉलेजला २५,०००, एकविसाव्या वर्षी एक लाख. मिळून १,४३,०००. बाई कणीक मळता मळता म्हणाल्या, "ताई, तेव्हा लाखात काय येईल हो?" मी गप्प.

माझी नणंद लंडनला असते. तिकडच्या सरकारने १ सप्टेंबर २००२ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावे २५० पाउंड दिले. तिचा थोरला ऑगस्टातला. पंधरा दिवसांनी हुकला, अजून आईला ऐकवतो! पण अशा पैशाने गरीब-श्रीमंतातलं अंतर कमी होतं, की नुसतं आपलं समाधान?

हिशेबी आजोबा:
बाईंनी बरोब्बर नस पकडली. महागाई ६ टक्के धरा, एकवीस वर्षांनंतरचा लाख म्हणजे आजचे २९ हजार. २००७ साली योजना आली तेव्हाही शेवटचा आकडा लाखच होता. आम्हा पेन्शनरांना महागाई भत्ता आहे, लक्ष्मीला नाही.

लेस्टरची वहिनी:
इथे गरीब घरांना ५०० मिळायचे. पण घरच्यांना खात्यात भर घालता यायची, घोळ तिथेच. आम्ही महिन्याला दहा पाउंड टाकत गेलो, अठराव्या वर्षी लेकाची जुनी गाडी निघाली. शेजारच्यांनी खातं उघडायला सरकारने पाठवलेलं व्हाउचर वापरलंच नाही. वर्ष उलटलं की कर विभाग आपणहून खातं उघडायचा, तसं त्यांच्या मुलाचं उघडलं. तो अठराचा झाला तरी घरात कुणाला पत्ता नाही. आणि जानेवारी २०११ मध्ये नव्या बाळांसाठी सगळंच बंद.

हिशेबी आजोबा:
म्हणून मला अमेरिकेतल्या कनेटिकट राज्याची तऱ्हा पटते. १ जुलै २०२३ पासून, ज्यांचं बाळंतपण गरिबांच्या सरकारी विम्यावर झालं फक्त त्या बाळांसाठी ३,२०० डॉलर. गुंतवणूक राज्याचा खजिनदार करतो. अठरा ते तीस वयात शिक्षण, घर, धंदा अशा कामांनाच मिळणार. वरून भर घालायची गरज नाही, आईबापांना मधे हात लावता येत नाही.

सुदामा नगरची मावशी:
ते अमेरिका-बिमेरिका राहू द्या, आधी अंगणवाडीत नोंद करा. आईबाप आयकर भरणारे नकोत, मध्य प्रदेशचे रहिवासी हवेत. जन्मदाखल्यावरचं नाव नीट तपासा, मात्रा चुकली की हेलपाटे.

रामबागेतली:
उद्याच बाईंना घेऊन जाते. बारशाला चांदीचे वाळे द्यायचे म्हणून सराफ्यात भावही विचारून आले होते. आता ते पैसे मुलींसाठीच्या सुकन्या बचत खात्यात भरीन म्हणते. त्यांच्या थोरल्या नातवाला दिलेले वाळे सहा महिन्यांत गहाण पडले, अजून तिथेच आहेत. आणि हो, तो मुलगा. त्याच्या नावाने लाडली लक्ष्मीही नाही नि सुकन्याही नाही.