लोहाची गोळी न चुकवता घेऊनही हिमोग्लोबिन का वाढत नाही?

प्रश्न
नमस्कार. माझे वय ४१ आहे. चार महिन्यांपूर्वी हिमोग्लोबिन ९.८ आले, तेव्हापासून डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी मी एकही दिवस न चुकवता घेत आहे. कॅल्शियमही सुरू आहे. विसर पडू नये म्हणून दोन्ही गोळ्या सकाळच्या चहाबरोबर एकदमच घेते. परवाच्या तपासणीत आकडा जेमतेम १०.१ आला आणि जिना चढताना अजूनही कठडा धरून थांबावे लागते. मात्रा दुप्पट केली तर फरक पडेल का? केस गळतात म्हणून एका मैत्रिणीने जस्ताची गोळी सुचवली आहे, तीही याच वेळी घेतली तर चालेल का?

प्रतिसाद १
मात्रेला हात लावण्याआधी गोळीची वेळ बदलावी. चहातील टॅनिनसारखी द्रव्ये लोहाला आतड्यातच बांधून ठेवतात आणि कॅल्शियमही त्याच्या शोषणात अडथळा आणते, त्यामुळे आपण गोळी नेमाने घेत असलात तरी त्यातील बरेचसे लोह रक्तापर्यंत पोचतच नसावे. लोहाची गोळी शक्यतो उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर किंवा संत्र्याच्या रसाबरोबर घ्यावी, कारण क जीवनसत्त्वामुळे लोह आतड्याला शोषता येईल अशा रूपात राहते. चहा-कॉफी तासा-दोन तासांनी घ्यावी आणि कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर. थायरॉइडची गोळी सुरू असल्यास तिच्यात आणि या दोन्हींत चार तासांचे अंतर हवे. हे अनेकांना कोणी सांगतच नाही.

प्रतिसाद २
मात्रा आपल्या मनाने दुप्पट करू नका. प्रौढ शरीरात सुमारे ३ ते ४ ग्रॅम लोह असते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि ती मोडली की तिच्यातील लोह पुन्हा नव्या पेशींसाठी वापरले जाते. रोज शरीराबाहेर पडते ते अवघे १ ते २ मिलिग्रॅम. जादा लोह बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नसल्यामुळे सगळे नियंत्रण आत घेतानाच होते, आणि ते काम यकृतात तयार होणारे हेप्सिडिन हे संप्रेरक करते. मोठी मात्रा घेतली की हेप्सिडिन वाढते आणि पुढचे सुमारे २४ तास लोहाचे शोषण मंदावते. म्हणूनच काही डॉक्टर हल्ली गोळी एक दिवसाआड देतात. आपल्या बाबतीत तसे करता येईल का, हे त्यांनाच विचारावे.

प्रतिसाद ३
जस्ताबद्दल मी अनुभवाने लिहिते. केसांसाठीच, कोणालाही न विचारता, मी दीड वर्ष रोज ५० मिलिग्रॅम जस्त घेतले. प्रौढ स्त्रीची रोजची गरज ८ मिलिग्रॅमच्या आसपास असते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. पुढे तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, रक्त कमी झाले आणि तपासणीत तांब्याची कमतरता निघाली. जस्त जास्त झाले की आतड्याच्या पेशी एक प्रथिन अधिक प्रमाणात बनवतात. ते तांब्याला धरून ठेवते आणि त्या पेशी झडल्या की तांबे त्यांच्याबरोबरच निघून जाते. साठ्यातले लोह वापरात आणायलाही तांबे लागते, त्यामुळे माझा रक्तक्षय लोहाने भरून येणारा नव्हताच. शिवाय केसगळती लोहाच्या कमतरतेमुळेही होते. ताई, आधी ते भरून निघू द्या.

प्रतिसाद ४
वरील सल्ले योग्य आहेत, पण मुळात लोह कमी का झाले, हे कोणी विचारलेले नाही. पाळीतील जास्त रक्तस्राव, जठर किंवा आतड्यातून नकळत होणारा रक्तस्राव, गव्हातील ग्लुटेन न सोसणारे आतडे, यांपैकी काही असेल तर वेळा कितीही पाळल्या तरी आकडा रेंगाळेल. फेरिटिन तपासावे, त्यावरून लोहाचा साठा कळतो. मात्र अंगात दाह किंवा संसर्ग असेल तर फेरिटिन फसवे वाढलेले दिसते. हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही साठा भरण्यासाठी साधारण तीन महिने गोळ्या सुरू ठेवाव्या लागतात.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. जस्त घेणार नाही आणि उद्यापासून कॅल्शियम रात्री घेईन. गेले वर्षभर माझी पाळी आठ-नऊ दिवस चालते. या वयात असे होतच असेल असे समजून ते मी डॉक्टरांना सांगितलेच नव्हते. सोमवारी त्यांच्याकडे जाणार आहे, फेरिटिनचेही विचारते.